बंडीचा डावा खिसा

भावजी,

मी अन् आत्याबाई तुमच्यासाठी पोरगी पाहायला कुंभार पिंपळगावला चाललो. पिठलं-भाकरी झाकून ठेवलीय. जेवून खुशाल तुमचा रेडिओ उघडा, पण आधी खुंटीवरची बंडी घाला.

परवा तुम्ही त्या रेडिओचा झटका बसून भिंतीवर आदळल्ते, अन् वर मलाच शिकवू लागले की वीज एका हातानं शिरून काळजातून दुसऱ्या हातानं निघती, म्हणून डावा हात खिशात ठेवावा. मंग का न्हाई ठेवला, तर म्हणे बंडीला खिसाच न्हाई! आता शिवलाय. तोंड मुद्दाम बारीक ठेवलंय अन् आत फुटाणे भरलेत. मूठ भरून धरून बसा, म्हणजे हात बाहेर निघायचाच न्हाई. खायचे ते रेडिओची तार भिंतीतून उपसल्यावर.

आत्याबाईंना झटक्याचं बोलले न्हाई. पिंपळगावात मात्र तोऱ्यात सांगणार आहे, आमचा जालन्याचा नवरदेव घरी बसून रेडिओ बनवतो.

जमलं तर पहिली हळद मीच लावणार, अन् दोन्ही हातांना. तवर दोन्ही जपा.

तुमची वहिनी