पत्रे पाठव

ता. ९ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आज भूकंपाला सहावा दिवस. सकाळी सतरा जणांच्या पट्ट्या बदलल्या. दुपारी डॉक्टर तीन अत्यवस्थ रुग्णांना घेऊन मोठ्या इस्पितळाकडे गेले. पूल तुटला आहे, त्यामुळे ते केव्हा परततील सांगता येत नाही. तोवर दवाखाना माझ्याकडे. दवाखाना म्हणजे आता नुसते आवार. इमारत बसली, औषधांचे एक कपाट तेवढे शाबूत निघाले. संध्याकाळी पाणी उकळून ठेवले.

तुझी वहिनी गेली. पहिल्याच धक्क्यात. त्याविषयी आत्ता लिहवत नाही.

सगळे उघड्यावर आहोत. थंडी वाढते आहे. पत्रे पाठव. भरपूर पाठव. टपालवाला सायकल धरून उभा आहे, म्हणून इथेच थांबतो.

मुलांना आशीर्वाद. माया आहेच, ती राहू द्यावी.

तुझा,
दादा


ता. १३ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. मी वर्गावर निघाले होते, ऑफिसात उभ्यानेच वाचलं. मग बसले. शिपाईमामांनी पाणी आणून दिलं आणि दार लोटून घेतलं. मुख्याध्यापिकेला रडताना मुलांनी पाहू नये, असं त्यांना वाटलं असावं.

तुझ्या प्रत्येक पत्राच्या कडेला वहिनी आडव्या दोन ओळी लिहायची. तू तिच्यासाठी कधी जागाच ठेवायचा नाहीस. हे कार्ड मी चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. कसं झालं रे? तू कुठे होतास? नको वाटलं तर लिहू नकोस, पण मला कळू दे.

मी निघतेच म्हणत होते. पण तुटलेल्या पुलाशेजारून, नदीच्या पात्रातून फक्त मदतीचे ट्रक सोडतात, आणि ते बायकामाणसांना बसवून घेत नाहीत. मी दोन ड्रायव्हरांशी भांडून पाहिलं.

दादा, तू जन्मात कुणाकडे काही मागितलं नाहीस. वडिलांकडे नवी वही मागायची असली तरी मला पुढे करायचास. आणि आता मागितलंस ते काय, तर पत्रे! मी तुझं कार्ड प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला वाचून दाखवलं. तिकडे माणसं आधार तुटून उघड्यावर पडलीत, त्यांना चार शब्दांची ऊब हवी आहे, असं सांगितलं. पोरांनी दोन दिवसांत चौदाशे पत्रं लिहिली. ज्यांना अजून जोडाक्षरं येत नाहीत त्यांनी चित्रं काढली. दोन गोण्या भरल्या. मदतीच्या ट्रकबरोबर पाठवते आहे. सामानाच्या यादीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘पत्रे, नग १४००’. म्हणजे वाटेत कुणी हरवायला नको.

तू जेवतोस ना? कोण करून घालतं? औषधं चाटून दिवस काढू नकोस. वहिनी असती तर तिने हे कडेला लिहिलं असतं, म्हणून मी लिहिते.

हे तुझी सारखी आठवण काढतात. आजवर जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझी,
धाकटी


ता. १९ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

दोन गोण्या पोचल्या.

मी पत्रे मागितले होते ते छपराचे. लोखंडी. पन्हळीचे. चौदा रुग्ण आवारात पडून आहेत. वर फक्त चादरी बांधल्या आहेत आणि पहाटे त्या दवाने ओल्या होऊन अंगावर टपकतात. ‘पत्रे पाठव’ याचा अर्थ कुणी दुसरा करील, हे माझ्या मनातही आले नाही. तुझ्यावर रागावलो नाही, असे लिहिणार होतो. पण खोटे कशाला लिहू? काल दिवसभर रागावलो होतो.

गोण्या उतरवल्या तेव्हा सगळ्यांना वाटले कपडे असतील. उघडल्यावर शेवटी मला वाचूनच दाखवावे लागले. एका मुलाने लिहिले आहे की तुमचे घर पडले हे ऐकून वाईट वाटले, आमचे घर पक्के आहे. दुसऱ्याने विचारले आहे की भूकंपात शाळेला किती दिवस सुटी मिळते. यावर सुतारकाका इतके हसले की मला त्यांचे खुब्याचे फळीबंधन पुन्हा बांधावे लागले. खुबा मोडल्याने ते हलू शकत नाहीत, पण तोंडाला विश्रांती नाही. त्यांनी फर्मावले की या गोण्या वाऱ्याच्या बाजूला रचा, एवढे लिहिले आहे तर निदान वारा तरी अडू दे. तशा रचल्या आहेत. थोडा अडतो.

इथवर ठीक होते. पुढचे ऐक.

मदत कोठारात आमच्या दवाखान्यासाठी चाळीस पत्रे मंजूर झाले होते. परवा मी हातगाडी घेऊन आणायला गेलो. तीन तास रांगेत उभा राहिलो. कारकुनाने वही उघडली आणि म्हणाला की तुम्हाला पत्रे मिळालेले आहेत, चौदाशे नग, ही बघा नोंद. आमचे चाळीस दुसऱ्या वस्तीला देऊन टाकले होते. मी सांगितले की ती कागदाची आहेत. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू माझ्याही डोक्यावर भिंत पडली आहे. मग विचारले की चौदाशे पत्रे विकले कुठे. रांगेतले लोक वळून पाहू लागले. मागच्या एकाने मोठ्याने म्हटले की लोकांची घरे पडली आणि यांचा धंदा उभा राहिला.

एकवीस वर्षे मी या गावाला औषध देतो आहे. एक गोळी कधी जास्त-कमी झाली नाही.

काल एक गोणी हातगाडीवर घालून त्याच्यापुढे नेली. त्याने हात घालून चार पत्रे काढली, एक वाचले, जागेवर ठेवले आणि म्हणाला की गोणीत काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पाठवणाऱ्याने यादीत पत्रे लिहिले आहे. पाठवणाऱ्याने लेखी कळवले की ते पत्रे नव्हते, तरच नवा अर्ज घेता येईल.

तेव्हा आता तू एक पत्र पाठव, की पत्रे म्हणजे पत्रे नव्हेत. हे वाक्य लिहिताना माझे मलाच कळेनासे झाले आहे.

सुतारकाकांचा खोकला वाढला आहे. छाती भरते आहे. ते खाटेवरून खांबांच्या जागा सांगतात आणि मी खड्डे खणतो. मी औषधाची बाटली हलवतो तसा खांब हलवतो, असे त्यांचे म्हणणे आहे. सांगाडा उभा झाला आहे. वर घालायला काही नाही.

जेवतो. शिंपीणबाई करतात. तुझ्या वहिनीचे कसे झाले ते पुढे लिहीन.

घरात सर्वांस आशीर्वाद. ममता कमी होऊ देऊ नये.

तुझा,
दादा


ता. २२ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कोठारासाठी लेखी खुलासा शाळेच्या शिक्क्यासह सोबत जोडला आहे. त्यात ‘लोखंडी नव्हे, कागदी’ असं अधोरेखित केलं आहे. ते लिहिताना आमच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं की हे काय चाललंय. मी त्यांना सांगितलं की मी पंचवीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवते, त्याची परीक्षा चालली आहे.

चूक माझी आहे. छप्पर गेलेल्या माणसाने आणखी काय मागावं? पण दादा, थोडी तुझ्या शुद्ध लिहिण्याचीही आहे. तू माझ्यासारखं बोलतो तसं लिहीत असतास, तर कागदी ती ‘पत्रं’ आणि लोखंडी ते ‘पत्रे’, मला क्षणात कळलं असतं. नाहीतर नुसतं ‘पत्रे हवेत’ म्हणायचं होतंस. ‘हवेत’ म्हटलं की छपराचे, ‘हवीत’ म्हटलं की टपालाची. एका क्रियापदाने सगळं निभावलं असतं. यादी करताना मीही ऐटीत शुद्धच लिहिलं. शाळेत आपल्या दोघांना शुद्धलेखनात दहापैकी दहा मिळायचे. आता भोगतोय.

हसू आलं असेल तर थोडं हास. मला येत नाही.

खुलाशावर विसंबून राहू नकोस. तो कारकून त्यातही काहीतरी काढील. इथे तीन दुकानं फिरले. सगळा माल तुमच्याच भागात गेलाय, पंधरा दिवस नवा येणार नाही म्हणतात. काल शाळेच्या मागे सायकली लावायच्या जागेत उभी राहिले आणि वर पाहिलं. छत्तीस पत्रे. पन्हळीचे, लोखंडी. मी शिपाईमामांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. ते शिडी आणायला गेले.

संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला की शाळेची मालमत्ता कुणाच्या परवानगीने काढता. मी कळवलं की खुलासा लेखी पाठवते, सध्या मला खुलासे लिहायची सवय झाली आहे. सायकली उन्हात राहतील. बोलणी मी खाईन.

पत्रे आज ट्रकवर चढवले. यादीत लिहिलं आहे: ‘छपराचे लोखंडी पत्रे, छत्तीस, भोके पडलेली आहेत, खिळे वेगळ्या डब्यात’. यातून कुणी दुसरा अर्थ काढून दाखवावाच.

सुतारकाकांना म्हणावं, चार दिवस दम धरा.

तुझ्यावाचून मला कोण आहे? मला तशीच जवळची मान.

तुझी,
धाकटी


ता. ३० नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

छत्तीस पत्रे अठ्ठावीस तारखेला पोचले. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत घातले. आता बारा रुग्ण छपराखाली आहेत. एक जण बरा होऊन गेला.

सुतारकाका सव्वीस तारखेला पहाटे गेले. न्यूमोनिया. शेवटची दोन इंजेक्शने त्यांनाच दिली, पण अंग कोरडे राहत नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी आडव्या वाशाला उतार कमी आहे म्हणून मला पुष्कळ झापले आणि तो पुन्हा काढून बसवायला लावला. उतार आता बरोबर आहे. पाणी थांबत नाही.

चाळीस पत्रे सतरा तारखेला मिळाले असते तर, हा हिशेब तू करू नकोस. मी केला आहे, एकाने केला तेवढा पुरे. तुझ्यावर राग नाही. हे खोटे नाही. कारकुनावर आहे. तुझा खुलासा घेऊन गेलो तेव्हा त्याने शिक्का पाहिला, मान हलवली आणि आवक वहीत लिहिले: ‘पत्र, नग एक’. नवा अर्ज पुढच्या बैठकीत ठेवतो म्हणाला. मी तिथे टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा. शाई सांडली. त्याने शांतपणे टीपकागद काढला. त्याचेही घर पडले आहे, हे मला बाहेर आल्यावर कुणीतरी सांगितले. तरीही राग आहे.

तू विचारलेस म्हणून एकदाच लिहितो. सकाळचे दूध रोज ती आणायची. त्या दिवशी तिचे गुडघे धरले होते, म्हणून मी गेलो. दूधवाल्याशी बोलत उभा राहिलो होतो. विशेष काही बोलणे नव्हते. परत आलो तेव्हा गल्ली नव्हती. दुपारी ती सापडली. भांडे माझ्या हातात तोवर तसेच होते, असे शेजारी सांगतात. मला आठवत नाही. यावर पुन्हा विचारू नकोस.

डॉक्टर उद्या-परवा येतील असा निरोप आहे. अध्यक्षांनी जाब विचारला तर माझे नाव सांग आणि सायकलींच्या मुलांना माझे आभार कळव. आभार तोंडीच सांग, लिहून नको.

सर्वांस आशीर्वाद. आहे ती ओढ असू द्यावी.

तुझा,
दादा

ता. क. ट्रक अजून निघालेला नाही, म्हणून चार ओळी. आता ऊन आहे. सुतारकाकांचे घोंगडे धुवायला काढले होते, नव्या रुग्णाला लागेल. भिजल्यावर ते फार जड होते आणि पिळायला समोर दुसरे माणूस लागते. शिंपीणबाई झोपल्या आहेत, त्यांना उठवले नाही. एक टोक खांबाला बांधले, दुसरे धरून पीळ दिला. पाणी बरेच निघाले. उलटे बांधून पुन्हा एकदा पिळतो आणि वाळत घालतो.