आईचं कपाळ इस्त्री करून आणलं त्याची हकिकत

ती. मावशी,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतायत? काकांचा खोकला? इकडे सगळं बरं आहे. म्हणजे बरं आहे की नाही, हे कळायची सोयच आईने काढून टाकलीय. तू फोनवर म्हणालीस, त्या सुरकुत्यांच्या इंजेक्शनात काय काय होतं ते नीट लिही, मलाही घ्यावंसं वाटतंय. लिहिते. मग घे खुशाल.

दवाखाना कसला, दागिन्यांचं दुकान ते. पांढरे सोफे, आणि काउंटरवर उकडलेल्या अंड्यासारख्या चेहऱ्याची एक मुलगी, जी 'या ना' सुद्धा सांत्वनाला आल्यासारखं म्हणते. डॉक्टरीणबाईंनी आईला रागवून दाखवायला सांगितलं. (आमच्या घरात ही विनंती आजवर कुणी केली नव्हती.) आईने त्यांच्या टेबलावरच्या धुळीकडे बघितलं आणि हवं तसं कपाळ काढून दिलं. खुणा केल्या, बारीक सुईने टोचलं, चहा निवायच्या आत बाहेर. डास चावल्यासारख्या गांधी उठल्या, त्या जरा वेळाने बसल्या. वर ताकीद, की चोळायचं नाही, काही तास आडवं व्हायचं नाही. एवढं करून त्या दिवशी दिसतं काय? काही नाही. आठवडाभरात कपाळ हळूहळू गप्प होतं. 'फ्रेश दिसाल,' बाई म्हणाल्या. दिसते ना. नव्या रंगाच्या भिंतीखाली जुनी फरशी.

आता आईची नोकरी तुला माहितीय, शर्टाच्या कारखान्यात कॉलरी तपासायची. तिथे आई बोलत नाही, कपाळाला आठी घालते. आठी पडली की समोरची बाई मुकाट्याने कॉलर उसवते. परवापासून आठीच नाही. बायका इतक्या घाबरल्या, की चांगल्या कॉलरीही उसवायला लागल्या. घरी बाबांची तीच गत. काय चुकलं ते कपाळावर वाचता येईना, म्हणून त्यांनी न सांगता सगळे पंखे पुसले, माळा आवरला, आणि काल स्वतःच्याच चुलतभावाशी बोलणं बंद केलं (आईला तो आवडत नाही, असा अंदाज). आई खूश आहे. निदान तोंडाने तसं म्हणते.

आणि मी? मी नोकरी सोडलीय, मावशी. रोज डबा घेऊन निघते आणि वाचनालयात बसून कादंबरी लिहिते. आईला सांगायचंय, पण लहानपणापासून मी कपाळ बघूनच तोंड उघडलंय. काल धीर करून म्हटलं, 'आई, ऑफिसचं जरा बोलायचं होतं.' तिने बघितलं. गुळगुळीत. मी म्हटलं, 'पंखा कसला खरखरतोय.' (बाबा लगेच स्टूल घेऊन आले.)

असा हा प्रकार. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून लोक पदरचे पैसे देतात. तू देऊ नकोस.

तुझी,
भाची

ता. क. तीन-चार महिन्यांत असर उतरतो म्हणतात. तेवढं थांबायचा धीर नाही. तूच आईला फोन करून नोकरीचं सांग ना. थोरल्या बहिणीला ती ओरडणार नाही.

ता. क. २. ताई, पाकीट उघडंच टेबलावर होतं. नोकरी सोडली त्याच संध्याकाळी हिच्या कपाळावर वाचलं होतं मी. कधी सांगते याचीच वाट बघत होते. पुढच्या खेपेला हिला घेऊन जाते, दोघींना मिळून सवलत आहे. तू येत असलीस तर तिघी.