नसलेल्या प्रथिनाची पट्टी

नांदेड, दि. ४ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्ही बोलता आणि मी नुसतं हाव हाव करते, म्हणून पत्र. कागदाला मध्येच अडवता येत नाही.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी आम्ही बशीत वाढवतो. त्यांच्या आत एक प्रथिन ‘वाढा’ असा निरोप पुढं पोचवतं. पेशी फोडून प्रथिनं कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवायची आणि त्यावर अँटिबॉडी सोडायची. ती त्या एकाच प्रथिनाला चिकटते असं आम्ही धरून चालतो, आणि चिकटते तिथं काळी पट्टी उमटते. आमचं औषध दिल्यावर पट्टी पुसट झाली, म्हणजे निरोप थांबला. माझा सगळा प्रबंध त्या पट्टीवर उभा आहे.

मागच्या महिन्यात हैदराबादहून ते प्रथिन मुळातच काढून टाकलेल्या पेशी आल्या. त्यांत पट्टी दिसायलाच नको होती. दिसली, आणि चांगली ठळक. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आमची अँटिबॉडी भलत्याच कशाला तरी चिकटते आहे, बाबा. इतकी वर्षं आम्ही काय मोजलं, मला माहीत नाही.

मार्गदर्शक सर म्हणाले, हा प्रयोग प्रबंधात घालू नकोस, परीक्षक विचारणार नाहीत. काय करू? भाषण नको, उत्तर द्या.

माया कमी होऊ देऊ नये.
धम्मप्रिया


लातूर, दि. ९ फेब्रुवारी

चि. धम्मप्रियास,
अ. आ. आणि जयभीम.

घाल तो प्रयोग. पहिल्याच पानावर घाल. परीक्षक विचारत नाहीत म्हणून खोटं खरं होत नसतं. तुझ्या आजोबांनी छप्पन्न साली देव घराबाहेर ठेवले, ते कुणी परीक्षा घेणार होतं म्हणून नव्हे; पटेना म्हणून. ज्यांनी पिढ्यानपिढ्या पोथी दाखवून आपल्याला गप्प बसवलं, त्यांनाही पुरावा नकोच होता. पदवीसाठी तू गप्प बसलीस, तर त्यांच्यात आणि तुझ्यात फरक काय?

भाषण झालंच. आता जे लिहायचं, त्याला हात धजत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला विहारात मी माइकवर सांगितलं, माझ्या लेकीनं कॅन्सरचा निरोप अडवला. टाळ्या पडल्या. तुझी आत्या, आपली सरजाक्का, पुढंच बसली होती. तिच्या गालातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं, जबड्याचं हाड काढणार होते. ते तिनं रद्द केलं. आपल्या धम्मीचं औषध येतंय, मग मी कशाला तोंड कापून घेऊ, असं म्हणते. तिला मी अजून काही बोललो नाही. तू दोन ओळी लिहिशील का? तुझ्याकडून कळलं तर कमी लागेल.

बापावर राग धरू नये.
संघपाल


नांदेड, दि. १४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

सरांना सांगितलं. प्रबंध नव्यानं करावा लागेल, असं ते खिडकीकडं बघत म्हणाले. छापायला गेलेल्या लेखातून माझं नाव मी काढायला लावलं. त्यांनी लेख मागं घेतला नाही. प्रयोगशाळेत आता माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात.

आत्याला मी लिहिणार नाही. तिला वाचता येत नाही. ती तुमच्याकडूनच वाचून घेईल, आणि तुम्ही वाचता वाचता ते गोड कराल. ते औषध बशीतल्या पेशींना दिलं होतं, माणसाला नव्हे, हे टाळ्यांच्या आधी सांगायचं होतं. आजच जा. मग विहारातही सांगा, त्याच माइकवर.

रागावले आहे, तरी तुमचीच,
धम्मप्रिया


लातूर, दि. २६ फेब्रुवारी

चि. धम्मप्रियास,
अ. आ. आणि जयभीम.

गेलो. सांगितलं. अक्का म्हणाली, लहानपणापासून तुझं असंच. नापास झालास तरी घरी पेढे मागायचास. मग विचारलं, पोरीचं काय झालं. ऐकल्यावर मात्र मला शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान चाचपली. गाठी खाली उतरल्यात, ऑपरेशनचा आता उपयोग नाही म्हणाले. इतके दिवस कुठं होतात, असं त्यांनी रागानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, घरात लग्न होतं. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

परवा पौर्णिमेला विहारात सगळं सांगितलं. अक्का गालाला पदर धरून पुढंच बसली होती. घरी येताना म्हणाली, आज तुझा आवाज मागच्या बायांपर्यंत गेला न्हाई. त्यातल्या कुणी माझ्यावानी त्या औषधापायी घरी थांबून राहिली असंल तर? पुन्हा सांग.

पुढच्या पौर्णिमेला पुन्हा सांगणार आहे. तू ये. अक्का वाट बघते.
संघपाल