एक जण आधी उठला तर

४ जानेवारी, सोमवार

भूगोलवाल्यांना काढलं! पहिला तास चालू असताना शिपाई वर्गात शिरला, "साहेबांनी बोलावलंय" म्हणाला, आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात माणूस कॉलेजच्या बाहेर. भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळायलासुद्धा वेळ दिला नाही.

गुन्हा काय? संस्थेच्या अध्यक्षांची भाची सबंध सत्र वर्गात फिरकली नाही. तिची हजेरी पूर्ण दाखवा, असं वरून आलं. भूगोलवाले म्हणाले, नाही दाखवणार. बस्स, एवढंच. तात्पुरत्या माणसाने 'नाही' म्हणायचं नसतं. आम्ही सगळेच तात्पुरते — दर वर्षी नवं पत्र, दर सुट्टीला हातात नारळ, आणि सुट्टी संपली की पुन्हा दारात उभे.

स्टाफरूममध्ये इतिहासवाले टेबलावर हात आपटून गरजले, "अशाच एखाद्या सकाळी राजवाडे पेटतात!" मग घंटा झाली. त्यांचा तास होता. गेले.

५ जानेवारी

आज माझ्या समाजशास्त्राच्या तासाला शिकवलं — क्रांती का होते. माणसं उपाशी असतात म्हणून उठत नाहीत. तसं असतं तर जगात रोज कुठे ना कुठे आग लागली असती. बरे दिवस येताहेत असं वाटायला लागतं, आणि मध्येच कुणीतरी दार लावून घेतं, तेव्हा उठतात. शिवाय नुसता राग पुरत नाही. जागा लागते, ओळखी लागतात, निरोप पोहोचवणारे लागतात. आणि एक फुकटा प्रत्येकाच्या आत बसलेला असतो — दुसरे भांडतील, मिळालं तर मलाही मिळेलच, मी कशाला डोकं फोडून घेऊ?

मागच्या बाकावरून प्रश्न : "मॅडम, हे परीक्षेला येतं?"

येतं. परीक्षेला सगळं येतं. दुसरीकडे कुठेच येत नाही.

७ जानेवारी, गुरुवार

कॉलेज सुटल्यावर सगळे तात्पुरते रसायनच्या प्रयोगशाळेत जमलो. तिथे प्राचार्य कधी येत नाहीत, वासाने त्यांचं डोकं दुखतं. पुढच्या गुरुवारी विद्यापीठाची तपासणी समिती येणार. दर वेळी ते आम्हा तात्पुरत्यांना सभागृहात बोलावतात, विचारतात, "काही तक्रार?" प्राचार्य शेजारी बसलेले असतात. आम्ही म्हणतो, "काही नाही, सर." मग बिस्किटं येतात. इतकी वर्षं हेच.

या वेळी सगळ्यांनी उठून उभं राहायचं आणि भूगोलवाल्यांना परत घ्या म्हणायचं. समितीने नोंद केली तर कॉलेजचा दर्जा घसरेल. अध्यक्षांचा जीव त्या दर्जात आहे. ठरवायला सोपं! पण उठणार कोण? प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. इतिहासवाले तर चक्क नळाकडे.

तेव्हा मला अक्कल सुचली. माझ्या वर्गातला खेळ. म्हटलं, डोळे मिटा सगळ्यांनी. फक्त मी बघणार, कुणाला सांगणार नाही. कुणीही उठलं नाही तरी एकटा उठेन, असं म्हणणारे हात वर करा.

एकही हात नाही.

एक जण आधी उठला तर?

अरे देवा! अर्ध्याहून जास्त हात! पाच जण उठले तर — उरलेले जवळजवळ सगळे. मी तिथे बर्नरांच्या मधोमध उभी राहून हात पुन्हा मोजले. म्हणजे आमच्यात धाडस कमी नाहीच. सगळं रचून तयार आहे, फक्त पहिला माणूस नाही. सगळ्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, "सांगायचं नाही ठरलंय ना."

माझा हात? मी मोजत होते. मोजणारीला कोण विचारतं!

८ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावलं. खुर्ची दिली — हे वाईट लक्षण. "तुमची कायम होण्याची फाईल वर गेलीय, मॅडम. तपासणी नीट पार पडली की ऑर्डर निघेल. तुम्ही समंजस आहात, म्हणून बोलतोय." नऊ वर्षं ही फाईल कुठे झोपली होती? एका दिवसात उठून चालायला लागली!

माझ्यासमोरच अध्यक्षांना फोन लावला. "हो साहेब, त्या आपल्याच आहेत." आपल्याच! मी मान हलवली. नकाराची नाही. होकाराचीही नाही. नुसती हलवली.

१० जानेवारी, रविवार

आईला सांगितलं. ती पाय शेकत बसली होती. म्हणाली, "तू कायम होईपर्यंत मी मरायचं नाही असं ठरवलंय. आता किती ताटकळत ठेवणार आहेस मला?" आणि वर, "तो भूगोलवाला तुझा कोण लागतो?"

कोणी नाही. डबा खाताना शेजारी बसतो. आईच्या ऑपरेशनच्या वेळी माझे सगळे तास त्याने घेतले. आठवडाभर भूगोलाचा माणूस समाजशास्त्र शिकवत होता, आणि मुलं म्हणत होती, मॅडम, त्यांचं जास्त समजलं! हे मी आईला म्हणाले. ती पाय शेकत राहिली. मग म्हणाली, "तुझं तू बघ बाई."

१३ जानेवारी

पहिली मी उठणार. एक जण हवाय ना? मग मीच. हे एकटीला माहीत असणं किती जड आहे! त्यांना वाटतंय सगळेच भेकड आहेत. फक्त मला ठाऊक आहे, मी उठले की अर्धी खोली उठेल. हे माहीत असून बसून राहिले तर माझ्याइतकी हलकट मीच.

आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं. आई आतून ओरडली, "कुणाशी भांडतेयस?"

१४ जानेवारी, गुरुवार

झालं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच त्याला मुलामा देईन.

सभागृहात लांब टेबल. मी टोकाला, खांबाजवळ. समितीचे म्हातारे प्रमुख चष्मा पुसत म्हणाले, "काही तक्रार?" प्राचार्य माझ्याकडे बघून हसले. खांबामुळे पलीकडची रांग दिसत नव्हती, म्हणून मी खुर्ची मागे सारली. सगळ्यांचे चेहरे एकदा दिसले की उठायचं.

आणि कुजबूज उठली!

कुजबूज म्हणजे आमची गणिताची. तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोहोचत नाही म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. स्वतःच्या चपलांचाही आवाज होऊ देत नाही ती. उठली आणि म्हणाली, "आमच्या भूगोलाच्या सरांना अन्यायाने काढलंय. त्यांना परत घ्या." अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं.

मग तिच्या शेजारची उठली. मग रसायनवाले. मग समोरून दोघं एकदम. आणि मी — मी मोजायला लागले! एक, दोन, तीन... अगदी तसंच, प्रयोगशाळेत हात आले होते त्याच क्रमाने! पाच झाले तशी सगळी रांगच उठली. एकामागे दुसरा कसा उठतो हे दाखवायला इतकी वर्षं फळ्यावर जी चढती रेघ काढते, ती माझ्यासमोर चालत होती. तयारी केलेला प्रश्न पेपरात आल्यासारखा आनंद झाला मला. सगळ्यात शेवटी इतिहासवाले उठले, मूठ वर करून. मी मनात म्हटलं — बरोबर! हेच शेवटचे!

ते शेवटचे नव्हते. शेवटची मी होते. बसलेली.

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रमुखांनी विचारलं, "आणि मॅडम, तुमचं?" तोंडातून निघून गेलं — "काही नाही, सर."

नऊ वर्षांची सवय. जीभ आपली आपण हलली.

१५ जानेवारी

भूगोलवाल्यांना परत घेतलं. कॉलेजभर आरडाओरडा, मुलांनी त्यांना उचलून घेतलं. इतिहासवाले फळ्याजवळ उभे राहून सांगत होते, आपण कसे 'सगळे एकदम' उठलो.

मी डबा उघडला. भूगोलवाले डबा घेऊन पलीकडच्या टेबलावर गेले. रागाने नाही, शांतपणे. मी मागे जाऊन म्हटलं, "अहो, मी उठणारच होते. मी मोजत होते." ते म्हणाले, "हो का." आणि पोळीचा तुकडा मोडला.

कोण विश्वास ठेवेल? मीच ठेवत नाही. मोजत होते की घाबरले होते? मोजणं ही घाबरण्याचीच जरा शिकलेली जात असेल. शी!

१८ जानेवारी, सोमवार

ऑर्डर आली. कायम! प्राचार्य म्हणाले, "एवढ्या दंगलीत एकट्या तुम्ही जागा सोडली नाहीत. अध्यक्षांनी मुद्दाम विचारलं तुमच्याबद्दल." माझ्या आयुष्यातली सगळ्यात घाण स्तुती, आणि ती हसून ऐकावी लागली.

फेकून द्यायला हवी होती ऑर्डर. तशी वाक्यं जिन्यात तीन तयार केली. मग सही केली. आईने दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं, म्हणाली, "सुटलीस गं." तिला खरं सांगायची हिंमत नाही. तिला सांगून तरी काय होणार?

उद्या वर्गात पुढचा धडा आहे : उठाव झाल्यावर लोकांना आधी शत्रू आठवत नाही, बसून राहिलेला आठवतो. सोडून द्यावा का हा धडा? मुलं विचारतील, परीक्षेला येतो का. बोलावं लागेल.

२० जानेवारी

कुजबूज जिन्यात भेटली. मला वाटलं, तीही तोंड फिरवून जाईल. पण थांबली. वर-खाली पाहिलं आणि पुन्हा त्याच न ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही खुर्ची मागे सारलीत ना, मला वाटलं तुम्ही उठताय. म्हणून मी उठले. एकटी मी मेले असते तरी उठले नसते. आता सगळे मला धीट म्हणतात. घरी सासरेसुद्धा माझं ऐकून घेतात... तुम्ही कुणाला सांगू नका हं."

नाही सांगणार, म्हटलं.