ओखल्याचं उधाण

बाबा, परवा तुमची दोरी पाण्यात टाकली आणि तेव्हापासून माझ्या हातांचा वास जात नाही. साबण झाला, बेसन झालं, लिंबू झालं. दोन दिवस चमच्यानेच जेवतेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे सांगून काही उपयोग नाही हे मलाही कळतं. पण ही घाण ज्या नदीची आहे ती नदी मला तुम्हीच दाखवलीत, म्हणून तक्रारही तुमच्याकडेच.

तुमची दोरी म्हणजे लाकडाच्या फळीवर गुंडाळलेली ती, टोकाला गळ आणि वजनाला सायकलचा नट बांधलेला. काठी तुम्ही कधी हातात धरली नाहीत. काठी म्हणजे मध्ये बसलेला दलाल, म्हणायचात. मासा काय म्हणतोय ते थेट बोटाला कळलं पाहिजे. कोकणातल्या खाडीवर वाढलेला माणूस सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आला, सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांत राहिला, आणि फाल्गुनात थंडी ओसरली की मला सायकलच्या दांडीवर बसवून ओखल्याच्या बंधाऱ्याला जाऊ लागला. कधी जायचं ते मात्र ऑफिसची सुट्टी ठरवायची नाही, भिंतीवरचं मराठी कॅलेंडर ठरवायचं. अमावास्या किंवा पौर्णिमा आली की तुम्ही चहा पिता पिता जाहीर करायचात, "आज उधाण आहे." आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "उधाणाला समुद्र लागतो. इथे पाणी फाटकवाला सोडतो, चंद्र नाही." त्यावर तुम्ही, "चंद्र काय फक्त कोकणातच उगवतो?" आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघायचात. एका पौर्णिमेला खरंच पाणी चढलं, काठावर काढून ठेवलेल्या तुमच्या चपला घेऊन गेलं. तुम्ही अनवाणी सायकल मारत घरी आलात ते विजयी वीरासारखे. बंधाऱ्याची फाटकं त्या दिवशी दुरुस्तीसाठी उघडली होती हे आईने कुठून तरी काढलं, पण तुम्ही ऐकून घेतलं नाहीत.

किळस मला तेव्हाही यायची, हे तुम्हाला माहीत होतं. कॉलनीच्या बागेतून उकरलेली गांडुळं तुम्ही चहाच्या जुन्या डब्यात, ओल्या मातीत ठेवायचात, आणि तो डबा स्वयंपाकघरात साखरेच्या शेजारी. मग ती मल्ली मासळी. खवलं नसलेली, मिशाळ, तोंड फाकलेली, अंगाला बुळबुळीत. आई मोरीत बसून ती चिरतेय, आतडी वर्तमानपत्रावर, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून विचारतायत, "भाईसाहब, आज फिर?" थोड्या वेळाने जिन्यात उदबत्त्यांचा धूर. गंमत म्हणजे तुम्हालाही ती आवडायची नाही. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखल, असं म्हणत गावाहून आलेलं तिरफळ आणि कोकम तुम्ही त्यावर मुठीने घालायला लावायचात. मी एकदा फ्रॉकने नाक धरलं तर तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "नाक मुरडायचं असेल तर पान वाढून घेऊ नकोस." मी नाक सोडलं. त्या दिवशीचं कालवण मी रडत रडत, पण सगळं खाल्लं.

आणि त्याच वर्षी चैत्रात तुम्ही दोरी माझ्या हातात दिलीत. आपण दगडावर बसलोय. पाणी हिरवट आहे, पण तळाचे गोटे दिसतायत. दोरी माझ्या तर्जनीवरून खाली गेलीय आणि तुमचा हात माझ्या हाताखाली आहे. काहीतरी टुचकन ओढतं. मी खेचायला जाते तर तुम्ही माझं मनगट दाबून धरता. "पहिल्या ओढीला खेचायचं नाही. तो नुसता चाखतोय. त्याला भूक आहे की नाही ते त्याला ठरवू दे." दुसरी ओढ येते ती थेट खांद्यापर्यंत. तो मासा केवढा होता ते मला आठवत नाही. मनगटावरचा तुमचा अंगठा आठवतो.

आता तुमच्या मुलाचं ऐका. गुरुग्रामला त्याने उंच टॉवरमध्ये नवा फ्लॅट घेतला. मागच्या महिन्यात त्याचा फोन. "ताई, बाबांची ती फिशिंग लाइन तुझ्याकडेच आहे ना? इंटिरियरवाली म्हणते, काचेच्या बॉक्समध्ये लावू, वरून स्पॉटलाइट. बिल्कुल पर्सनल टच येतो यार." तो एकदाही नदीवर आला नव्हता. गांडुळांचा डबा उघडला की घर सोडून पळायचा. आता म्हणे सोफ्याच्या वर, पाहुण्यांच्या ग्लासांसमोर, दिव्याखाली तुमची दोरी. मला शिसारी आली. तरी मी हो म्हटलं, कारण माझ्यामागे ती कबाडीवाल्याच्या पोत्यात जाणार हे मला दिसतं. कबाडापेक्षा काच बरी, अशी मनाची समजूत घातली. फक्त काचेआड जायच्या आधी तिला एकदा पाणी दाखवावं असं वाटलं.

म्हणून नोएडाहून कॅब केली. पुलाशी उतरले तर ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, यहाँ? यहाँ तो कोई उतरता नहीं।" बाबा, तुमची नदी मेली असती तर मी रडले असते. ती मेलेली नाही, सडतेय. काळं पाणी, त्यावर साबणासारखा फेस, आणि डोळे चुरचुरतील असा वास. पुलावर एकामागून एक गाड्या थांबत होत्या. लोक फाटक्या जाळीतून निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या खाली भिरकावत होते. एकाने आधी हात जोडले, मग त्याच हाताने नाक धरलं आणि काच वर करून निघून गेला. नदीला आई म्हणायचं आणि तिच्या तोंडावर कचरा फेकायचा. इतकी घाण मला त्या आतड्यांची कधी वाटली नव्हती. मी काठाकडे उतरायला लागले तर एका बाईंनी काळजीने थांबवलं. "माताजी, फूल डालने हैं तो ऊपर से ही डाल दो। नीचे बहुत गंदा है।" मी त्यांच्या बाजूने खाली उतरले. बोलले असते तर शिवीच बोलले असते.

गळाला कणकेची गोळी लावली, दोरी टाकली, तर्जनीवर घेतली. गुडघे दुखत होते, पदर नाकाशी होता. आणि बाबा, ओढ आली. मी खेचलं नाही. पदर खाली टाकला आणि थांबले. दुसरी ओढ जड आली, खांद्यापर्यंत. मी दोन्ही हातांनी ओढलं तर वर आली देवीची लाल चुनरी, सोनेरी किनार लावलेली, पोटात काळा गाळ भरलेली, त्यात कुणाचे तरी केस. माझ्या हातावर, साडीवर, दोरीवर सगळीकडे ते पसरलं. मी तिथेच ओकले.

काल पाडव्याला तुमचा मुलगा आला. श्रीखंड-पुरी झाली. मग मी पिशवीतून फळी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती नाकापासून लांब धरली. "ताई, ये क्या किया? हे ड्रॉइंग रूममध्ये कसं लावणार? ड्रायक्लीन होईल का गं?"

"नाही होणार," मी म्हटलं.

त्याने ती वर्तमानपत्रावर ठेवली, हात धुतले, पुन्हा धुतले. "अच्छा, मग तुझ्याकडेच राहू दे. आम्ही त्या जागी घड्याळ लावू," म्हणाला आणि उरलेलं श्रीखंड घेऊन गेला. दोरी आता माझ्या बाल्कनीत टांगलेली आहे. वाऱ्याबरोबर वास आत येतो. शेजारच्या बाईंनी आज सकाळी विचारलं, काही मेलंय का. पण काचेत ती गेली नाही.

हे कागद त्या फळीवर दोरीखालीच खोचून ठेवीन, म्हणजे कागदांनाही वास लागेल आणि कुणी हात लावणार नाही. एवढंच राहिलं सांगायचं. तुमचा मुलगा दोरी न्यायला आठवडाभर आधीच येणार होता. मीच त्याला पाडव्याला ये म्हटलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावास्या असते. उधाण असतं.