कुण्या गावाला दिलीय ग तुला?

अप्पा, आज बाजार होता. दुकान आत्ताच आवरलं, दिवेलागण झाली, पाय ठणकताहेत आणि तरी तुमच्याशी बोलावंसं वाटलं म्हणून कागद घेऊन बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्हाला गादीवर बसलेलं पाहिलेली माणसंही आता वडवणीत थोडीच उरलीत. विशेष असं काही घडलेलं नाही. शिरूरकडचा एक म्हातारा तंबाखू घ्यायला आला, ओट्यावर टेकला आणि त्याच्या बैलाच्या खांद्याला गाठीसारख्या आलेल्या आवाळूची गोष्ट सांगत बसला. गडी माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "बाई, गिऱ्हाईक खोळंबलंय." खोळंबू दे म्हटलं. तागडी खाली ठेवली आणि म्हाताऱ्याला विचारलं, "मग? आता बरा हाय का बैल?" हे 'मग' तुमचं, अप्पा. माझ्या तोंडात ते कधी येऊन बसलं, मला कळलंच नाही.

तुमच्या त्या सवयीनं आम्ही किती जेरीला आलो होतो! बाजारच्या दिवशी ओट्यापुढं ही गर्दी, आणि ओळख ना पाळख असा कुणी म्हातारा येऊन "औंदा लई ऊन हाय शेठ" म्हणाला, की तुम्ही हातातली तागडी खाली ठेवायचात. पार जमिनीवर. एका हातानं तोलायचं आणि एका कानानं ऐकायचं, असलं तुम्हाला जमतच नव्हतं. "व्हय की," म्हणायचात आणि गप्प बसायचं सोडून वर विचारायचात, "मग? तुमच्याकडं कसं काय?" झालं. तिथून पुढं त्याची विहीर, त्याची सून, त्याचा गुडघा. एकदा तर पोलीसठाण्यातल्या अमीनसाहेबांचा शिपाई गुळासाठी उभा होता. निजामाच्या मोगलाईत त्याला ताटकळत ठेवायची हिंमत कुणाची? "शेठ, जरा जल्दी," असं तो दोनदा म्हणाला. तुम्ही त्याला हात जोडलेत, पण म्हाताऱ्याचं बोलणं संपल्याशिवाय गुळाला हात लावला नाहीत. आई आतून म्हणायची, "ह्यांना गिऱ्हाईक नकोच हाय, नुसते म्हातारे पाठवा." त्यावर तुम्ही हसून म्हणायचात, "घरी त्यांचं कोन ऐकतंय? बाजारात आलेत, एवढं तर बोलू द्या."

मग मी माघारी आले. दिंद्रुडला दिलेली तुमची लेक, मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला म्हणून नेसत्या लुगड्यानिशी घरी आली. तुम्हीच गाडी घेऊन आला होता. त्या दिवसापासून आपलं घर मुकं झालं, अप्पा. शेजारणी यायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि मिरचीच्या भावाचं बोलायच्या. माझ्या यजमानांचं नाव कुणी घेत नव्हतं. आईनं शेंगोळे करायचं बंद केलं, कारण ते सासुरवाडीला आले की हटकून शेंगोळेच मागायचे. सगळे माझ्या भल्यासाठीच करत होते, हे मला कळत होतं. पण त्यांच्या त्या जपण्यानं मला वाटायला लागलं, की माझं लग्न झालंच नव्हतं आणि तो माणूस या पृथ्वीवर कधी नव्हताच. मी बोलेनाशी झाले. हो-नाही याच्यापुढं माझा शब्द जाईना. ही अशीच राहील की काय, म्हणून आई देवघरात रडायची. तुम्ही रडला नाहीत. मला दुकानात आणून बसवलंत आणि पुड्या बांधायला दिल्यात.

तिथंच एक म्हातारी आली. जवळच्या वाडीवर लेकीकडं राहायला आलेली, दोन्ही डोळ्यांत सारा पडून दिसेनाशी झालेली, मीठ आणि मिसरीपुरती तंबाखू घ्यायची. ओट्यावर बसली, चाहूल लागली तशी माझ्याकडं तोंड वळवून म्हणाली, "कोन, लेक व्हय शेठची? कुन्या गावाला दिलीय ग बाई तुला?" कुठलीही म्हातारी कुठल्याही बाईला जे पहिलं विचारते, तेच. माझ्या कपाळावर भस्म होतं. कुंकू आहे की नाही, हे तिला दिसणार कसं? मी हातातला दोरा तोडला, पुडी टाकली आणि उठून आत निघून गेले.

भर बाजारात गादी सोडून तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मी चुलीकडं तोंड करून उभी आहे, तुम्ही दारात. "कावून उठलीस?" मी म्हटलं, "तिला दिसत न्हाई का?" "न्हाई दिसत. म्हनून तर इचारती. ती काई वैरीन हाय व्हय तुजी?" मी म्हटलं, "काय सांगू तिला?" तुमचा आवाज चढला नाही, पण इतका कडक मी तो कधी ऐकला नव्हता. "हाय ते सांग. थोरल्या मान्सानं इचारलं, तर उत्तर द्यायचं. ती उठून जाईस्तोवर तू उठायचं न्हाई." त्या दिवशी मला तुमचा राग आला, अप्पा. एका परक्या बाईच्या मानापुढं पोटच्या लेकीचं काहीच नाही का, असं वाटलं.

बाहेर जाऊन मी सांगितलं. म्हातारीनं चाचपडत माझं मनगट धरलं, मोकळं मनगट, आणि "माजे माय!" म्हणून भर बाजारात मोठ्यानं रडली. लोक बघायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. एकदाचं सुटलं म्हणावं, तर पुढच्या बाजाराला तीच म्हातारी, तोच ओटा, "कुन्या गावाला दिलीय ग बाई तुला?" तिच्या ध्यानातच राहत नव्हतं! मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही तागडी खाली ठेवलीत आणि ऐकायला बसलात. मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा रडली. असं दर बाजारी. दर बाजारी मी नव्यानं विधवा होत होते.

नेमकं कधी ते आठवत नाही, पण एकदा रडून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "कसा व्हता ग?" मला हे कुणीच विचारलं नव्हतं. आईनं नाही, तुम्हीही नाही. मी म्हटलं, "चांगले होते." पुढच्या खेपेला थोडं जास्त सांगितलं. आणि एका बाजारी सांगून बसले, की त्यांना गाडीत बसलं की झोप लागायची. एकदा वडवणीहून मला घेऊन निघाले, मीही मागं पेंगत होते, कासरा सैल पडला आणि बैल गावाला वळसा घालून परत आपल्याच दारात येऊन उभे राहिले. तुम्ही विचारलंत, "काय राहिलं?" तर हे डोळे चोळत म्हणाले, "दिंद्रुड आलं का?" म्हातारी बोळक्या तोंडानं खदखदून हसली. आणि मीही हसले, अप्पा. आई आतून धावत बाहेर आली, कोण हसलं ते बघायला. तुम्ही पाठ फिरवून मिठाच्या पोत्यामागं काहीतरी शोधत होता, बराच वेळ. त्या संध्याकाळी आईनं न विचारता शेंगोळे केले. आम्ही सगळे त्यांच्याविषयी बोलत बोलत जेवलो.

मी पुष्कळदा विचार करते, हे सगळं तुम्ही ठरवून केलंत का? मला नाही वाटत. म्हातारीनं चार गोष्टी विचारल्या तर तिला उत्तर मिळावं, एवढंच तुमच्या मनात असावं. माझं त्यात भलं झालं, ते असंच. पण झालं खरं. पुढं मी गादीवर बसले, तोलायला लागले, तुमच्यामागं हे दुकान चालवलं, आणि अजून चालवते आहे. बाजारात मला कुणी काहीही विचारलं तरी माझी जीभ अडत नाही.

हा कागद कुठल्या टपालात टाकणार? पोथीत ठेवीन. एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते लिहून टाकते. तुम्ही माल आणायला बीडला गेला होता, तेव्हाच्या बाजारची गोष्ट. म्हातारी उन्हानं दमून आली. तांब्याभर पाणी प्यायली, गुडघ्याचं बोलली, नातीच्या खोकल्याचं बोलली, मिठाची पुडी ओच्यात बांधली आणि जायला उठली. त्या दिवशी तिनं विचारलंच नाही. दुकानात गर्दी होती. मी गिऱ्हाईक सोडलं, तागडी खाली ठेवली, ओट्यावर गेले, तिचा हात धरून तिला परत खाली बसवलं आणि मीच म्हटलं, "आजी, मला दिंद्रुडला दिलं होतं."