उशी जिथली, माणूस तिथला

९ सप्टेंबर

आजपासून रोज लिहिणार. बियाणेवाल्याने फुकट दिलेली डायरी जानेवारीपासून कोरी पडली आहे, वाया का घालवा. चौथीतून शाळा सुटली ती गाईंच्या मागे, तरी अक्षर फ्रीसनबाईंपेक्षा बरं आहे माझं. फ्रीसनबाई डॉक्टर आहेत. सुई टोचणाऱ्या नव्हेत, माणसं मोजणाऱ्या. प्रेअरी लोकसंख्या अभ्यास मंडळाच्या सेक्रेटरी. मंडळाने कॅनडाच्या या गवताळ माळावरचं आमचं वेसेल्की गाव वर्षभर निरखायला निवडलं. गावातून निरीक्षक कोण? मी. दुसरं होतं कोण म्हणा.

बाई म्हणाल्या, गावाची संख्या तीनच गोष्टींनी हलते, आजी. जन्म, मरण आणि ये-जा. मी म्हटलं, गोठ्याचं तरी काय वेगळं असतं? त्यांनी ते लिहून घेतलं.

सध्या गावात एकशे दोन. मेमध्ये मंडळाचं वार्षिक संमेलन इथेच, आमच्या हॉलमध्ये. त्या दिवशी मंडळ जो आकडा सांगेल तोच जिल्हा कौन्सिल धरणार. शंभराच्या खाली गेलो की गाव मोडीत. हॉलला कुलूप, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, कर्लिंगचा रिंक बंद, हायवेवरची नावाची पाटी उपटणार. त्या पाटीचा खांब माझ्या नवऱ्याने पुरलाय. उपटून दाखवाच.

११ सप्टेंबर

विचार केला. जन्म: आशा नाही. मूल होण्याच्या वयाच्या बाया तीन, तिघीही कुत्री पाळतात. ये-जा: ये चालेल, जा बंद. मरण: मनाई.

मनाई आजच सुरू केली. हावरिलोकाका चौऱ्याण्णवचे, म्हणजे धोका तिथेच. जाऊन बजावलं, मेपर्यंत मरायचं नाही. म्हणाले, बघतो. मी म्हटलं, बघतो नाही, हो म्हणा. हो म्हणाले. वर मी बिटाच्या लोणच्याची बरणी दिली, म्हणजे शब्द फिरवायला लाज वाटेल.

स्टेफ्का म्हणते, परास्का, तुला माणसं मोजायला सांगितलीत, टिकवायला नाही. स्टेफ्का माझी पन्नास वर्षांची मैत्रीण. तेवढ्या वर्षांत एक गोष्ट पटकन कळली असेल तर शपथ.

२० सप्टेंबर

आज नेस्टरला कापलं.

नेस्टर कोबेल समोरच राहतो. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. दरवर्षी ऑक्टोबर लागला की ॲरिझोनात, तिथे चाकांवरचं घर, ट्रेलर आहे त्याचा. एप्रिलमध्ये परततो भाजलेल्या हंसासारखा होऊन, आणि सगळ्यांना विचारत फिरतो, काय गं, थंडी फार होती का यंदा? फ्रीसनबाईंना विचारलं, असला माणूस कुठे धरायचा? त्या म्हणाल्या, जिथे तो वर्षातल्या जास्तीत जास्त रात्री झोपतो तिथे. मी म्हटलं, म्हणजे उशी जिथली, माणूस तिथला. बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आजी, आम्ही यावर पाऊण तास भाषणं देतो हो!

नेस्टर दारात येऊन ओरडला, अगं म्हातारे, कर इथे भरतो, थडग्याची जागा इथे घेऊन ठेवलीये, तुझ्या खिडकीतून दिसते! मी म्हटलं, थडग्यात उशी ठेव, मग मोजते.

एकशे एक. नियम म्हणजे नियम. आपलं-परकं मी बघत नाही.

१४ ऑक्टोबर

घर गरम करायची भट्टी खोकायला लागली. सास्काटून शहरातून लेस्या आली न्यायला. म्हणाली, आई, मेकॅनिक येईपर्यंत दोन दिवस चल. लेकीचा स्वभाव असा, की बोलता बोलता माझी बॅग भरून मोकळी. मी बजावलं, ड्यूटीवर आहे मी, दोन दिवस म्हणजे दोनच. हंसाच्या पिसांची माझी उशी तेवढी घेतली. लेस्याच्या उश्या म्हणजे ओला पाव.

स्टेफ्काला सांगितलं, पाणी बंद करून ठेव, पाइप गोठून फुटायला नको. दोन दिवसांपुरतं.

१९ ऑक्टोबर, सास्काटून

भट्टी दुरुस्त झाली म्हणे. पण इथली परिस्थिती बघवत नाही. जावई ब्रेंट बटाटा उकडतो आणि त्याला जेवण म्हणतो. अशा घराला सोडून जायचं कसं? शुक्रवारी निघते.

६ नोव्हेंबर, सास्काटून

दाताचं काम निघालं. दाताचा डॉक्टर काही वेसेल्कीला येणार नाही.

लेस्याच्या बाथरूमची फरशी आतून गरम होते. नुसती उधळपट्टी. बिघडेल म्हणून आज चार वेळा जाऊन उभी राहिले. अजून बिघडलेली नाही.

काम अडलेलं नाही. रोज जेवण झालं की स्टेफ्का फोनवर सगळं सांगते, मी फ्रीसनबाईंना कळवते. लांबून जास्त नीट दिसतं. जवळ असलं की माणूस गुंततो.

२ डिसेंबर

हावरिलोकाका गेले. तोंडावर हो म्हणाले होते! हल्ली कुणाच्या शब्दाचा भरवसा राहिला नाही.

मातीला गेले होते. लेस्याची नोकरी, म्हणून त्याच संध्याकाळी परत. घरात शिरले नाही, खिडकीतून डोकावले. सगळं जागच्या जागी. आत बर्फासारखं गार दिसत होतं, पण घर माझंच आहे, कुठे पळतंय.

स्टेफ्काने बिटाची बरणी परत दिली. अर्धी खाल्लेली. म्हणजे अर्धा शब्द पाळला असं धरायचं.

शंभर. बरोब्बर शंभर. घाबरायचं कारण नाही.

१० डिसेंबर, सास्काटून

घाबरले नाही, पण एक योजना केली. ओरेस्टचं लग्न.

ओरेस्ट रिंकवर बर्फ करतो. बावन्न वर्षांचा घोडा, आजवर बर्फाशिवाय कुणाच्या जवळ गेला नाही. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात मारिसेल नावाची फिलिपिनो नर्स आहे, हसरी, एकटी. दोघांचं जुळलं की ती वेसेल्कीला येईल. अधिक एक. देवाने मूल दिलं तर अधिक दोन.

ओरेस्टला फोन केला. म्हणाला, मावशी, मी बोलू काय तिच्याशी? मी म्हटलं, बर्फाबद्दल बोल. फिलिपिन्समध्ये नसतो, ऐकेल बिचारी.

७ जानेवारी, सास्काटून

आमचा युक्रेनी नाताळ. काल रात्रीचे बारा पदार्थ मी एकटीने केले. ब्रेंटने बाराही खाल्ले आणि विचारलं, मटण कधी? आमच्या नाताळच्या आदल्या रात्री मटण नसतं, हे त्याला लग्नाच्या दिवसापासून सांगतेय. ही माणसं मी गेल्यावर काय करतील, देव जाणे. म्हणूनच थांबलेय.

ओरेस्ट आणि मारिसेल चर्चला एकत्र आले होते. स्टेफ्का म्हणाली, तिने त्याचा मफलर नीट केला. झालं. बाईने मफलरला हात लावला की संपलं. माझं डोकं!

१८ फेब्रुवारी

ओरेस्टचं लग्न झालं. हॉलमध्ये नाचले सगळे. मी दोन मिनिटं नाचले आणि भाषण केलं, सगळं श्रेय माझंच असल्यामुळे.

मारिसेलला रेजिना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली आहे. दोघं शनिवारी चालले. कायमचे.

स्टेफ्का म्हणाली, अगं, एक आणायला गेलीस आणि होता तो घालवलास. जखमेवर मीठ नाही, अख्खं पोतं. आणि आता रिंकवर बर्फ कोण करणार? देव करतो की फुकट, दार उघडं ठेवा म्हणावं.

नव्व्याण्णव.

१९ फेब्रुवारी, सास्काटून

काळजी नाही. नेस्टर आहे.

ॲरिझोनाला फोन लावला. गोड बोलले. इतकं गोड की लेस्या स्वयंपाकघरातून येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेली. म्हटलं, नेस्टर, गाव तुझं आहे, तुझं थडगं आहे इथे. तो म्हणाला, आता आठवलं? मी म्हटलं, ट्रेलर विकून कायमचा ये, त्याच दिवशी तुला मोजते. मग म्हणाला, येतो, पण दर रविवारी तुझ्या टेबलावर, तुझ्या हातचे गोलुब्सी. कोबीची पानं मऊ, भात मोकळा. मेल्याला जीभ आहे.

हो म्हणाले. रविवारचं रविवारी बघू.

२५ मार्च, सास्काटून

नेस्टर आला! ट्रेलर विकून. आणि येताना बायको घेऊन आला. लॅव्हर्न. सत्तरीची, लाल लिपस्टिक, स्वेटरवर गुलाबी पक्षी. तिनेही तिकडचं घर मोडलं. फ्रीसनबाई म्हणाल्या, घर मोडून आलेला माणूस आला त्या दिवसापासून धरायचा.

एकशे एक!! हे मी केलं. फोनवर बसून. स्टेफ्का म्हणते, तुझ्या फोनच्या आधीच त्यांचं ठरलं होतं, लॅव्हर्नला बर्फ बघायची हौस. स्टेफ्काला दुसऱ्याचं यश सोसत नाही.

३० मार्च, सास्काटून

नेस्टर रविवारी काटा-चमचा खिशात घालून माझ्या दारात उभा होता म्हणे. दात दुखतोय असं कळवलं.

१३ एप्रिल, सास्काटून

आजही आला होता. या वेळी दोघं. माझ्या पायरीवर बसून सँडविच खाल्ले आणि गेले. पायरी झाडली का, हे स्टेफ्काने बघितलं नाही.

वर आणखी ऐकावं लागलं. गुरुवारी चर्चच्या तळघरात सगळ्या बाया बसून वारेनिकी भरतात, पाण्यात उकडायच्या बटाट्याच्या करंज्या. खिडकीजवळची खुर्ची माझी, सगळ्यांना ठाऊक आहे. त्या खुर्चीवर लॅव्हर्न बसते. मी म्हटलं, तिच्या कडा पाण्यात सुटत असतील. स्टेफ्का म्हणाली, नाही सुटत.

या गुरुवारीच जाते. संमेलनापर्यंत तिथेच राहते.

१७ एप्रिल, सास्काटून

ब्रेंटला शिंका येताहेत. आज जाणं माणुसकी नाही.

२ मे, सकाळ

आज दुपारी निघणार. रात्री माझ्या घरी, माझ्या पलंगावर झोपणार आणि उद्या संमेलनाला तिथूनच चालत जाणार. उशी गाडीत टाकली. भाषण तयार आहे. आधी थोडा नकार, मग आग्रह होईल, मग बोलणार. मंडळाने मला कायमचं घ्यावं असंही सुचवणार. शिक्षण कमी आहे, पण त्यांचं जास्त होऊन काय झालं?

२ मे, संध्याकाळ

लेस्याला ऑफिसात उशीर झाला. उद्या पहाटे निघू. एका रात्रीने काय होतंय?

४ मे, सास्काटून

काल लिहिलं नाही. दमले होते.

हॉल भरला होता. मंडळाचे विद्वान तीस-चाळीस, सगळ्यांचे चष्मे सारखे, आणि खातात असे की विद्यापीठात जेवण मिळत नसावं. स्टेजवर मोठा कापडी फलक: उशी जिथली, माणूस तिथला. खाली माझं नाव. जिल्हा कौन्सिलचा माणूस पहिल्या रांगेत बसलेला. मी त्याच्या शेजारी, ब्रोच लावून.

फ्रीसनबाईंनी आकडा सांगितला: एकशे एक. टाळ्या. मला स्टेजवर बोलावलं. मी जरा नको-नको केलं. कुणी आग्रह केला नाही, म्हणून पटकन चढले.

तोंड उघडलं तेवढ्यात मागचं दार उघडलं. लेस्या. हातात माझी उशी. एवढ्या मोठ्या हॉलमधून ओरडली, आई, ही गाडीत राहिली होती! आपण रात्री घरी जातोय ना, मग इथे कशाला आणलीस?

घरी म्हणाली. सास्काटूनला घरी म्हणाली, सगळ्यांसमोर.

नेस्टर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता हात वर केला आणि फलकाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, पाच रविवार मी त्या दाराशी उपाशी उभा राहिलोय, बाई.

फ्रीसनबाईंनी हळूच विचारलं, आजी, तुम्ही झोपता कुठे? मी म्हटलं, पाहुणी आहे मी तिथे, दोन दिवसांची. स्टेफ्काकडे बघितलं. पन्नास वर्षांची मैत्री. ती म्हणाली, परास्का, ऑक्टोबरात बंद केलेलं तुझं पाणी मी अजून उघडलेलं नाही गं. तू सांगितलंच नाहीस.

कौन्सिलचा माणूस पेन काढून बसला. हॉलमध्ये कुणी चावत पण नव्हतं. मला वाटलं, गेलं गाव, आणि माझ्यामुळे गेलं.

फ्रीसनबाईंनी एकशे एकवर रेघ मारली आणि लिहिलं: शंभर.

मग जे ओरडले सगळे! शिट्ट्या, टेबलं बडवणं. नेस्टरने लॅव्हर्नला उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून बसला. गाव वाचलं, हॉल वाचला, पाटी वाचली. मी स्टेजवर उभी, हातात उशी. भाषण कुणाला आठवलंच नाही. मलाही नाही.

७ मे, सास्काटून

फ्रीसनबाईंचा फोन आला. म्हणाल्या, आजी, तुमचं वाक्य आता मंडळाच्या पुस्तकात येणार. नवा निरीक्षक नेस्टर. त्याने पहिली खबर त्याच दिवशी पाठवली: गेले, एक. स्त्री, वय एक्क्याऐंशी, सास्काटूनला. बाईंना विचारलं, अक्षर कसं आहे त्याचं? म्हणाल्या, सुंदर.

ते काही टिकणार नाही. शुक्रवारी जातेच आहे मी. पाणी उघडायचं, पायरी झाडायची, रविवारी गोलुब्सी. मोजू दे मग मला, दारात येऊन.

फक्त दोन दिवस थांबते, अजून पहाटे गारठा असतो. सकाळी बाथरूममध्ये जरा जास्त वेळ उभी राहिले. फरशी ठीक चालली आहे.